आवक, जावक आणि घट

"दगडात शिसं मोजून काय मिळतंय गं तुला?"

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर अप्पांनी हा प्रश्न पुन्हा विचारला. मला जपानात येऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून गणपती, दिवाळी, पाडवा, कुठलाही सण असो, हा प्रश्न येतोच. मी दरवेळी काहीतरी वेगळं उत्तर देते आणि त्यामुळे त्यांचा संशय वाढत जातो. या वेळी म्हटलं, "नुसतं शिसं नाही हो अप्पा. बेरियम, नायोबियम, बोरॉन, असं बरंच काय काय मोजते."

"बोरॉन म्हंजे आपला टाकणखारच की," अप्पा म्हणाले, आणि पहिल्यांदाच आमचं बोलणं या प्रश्नाच्या पुढे सरकलं.

आम्ही हुपरीचे. कोल्हापूरकडच्यांना वेगळं सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते: चांदीचं गाव, पैंजणांचं गाव. आजोबा डाग द्यायला, म्हणजे चांदीचे सांधे जोडायला, बसायचे तेव्हा त्यांच्या उजव्या हाताला टाकणखाराची वाटी असायची. ज्योत लागली की ती पांढरी पूड आधी लाहीसारखी फुगायची, मग काचेसारखी वितळून सांध्यावर पसरायची. तिच्यात बोरॉन असतं हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. आता माझा निम्मा वेळ हे बोरॉन लॅबमध्ये शिरू नये म्हणून जातो. कॅरमवर भुरभुरतो ती पावडर बोरिक ॲसिडची. लॅबमधली काचेची भांडी बोरोसिलिकेटची. हवा गाळणाऱ्या फिल्टरमधले काचेचे तंतूसुद्धा थोडंथोडं बोरॉन सोडतात. दगडात ते असतं दहा लाख भागांत जेमतेम तीस भाग, तेही भरपूर असलेल्या दगडात. त्यामुळे आम्ही टेफ्लॉनच्या डब्या वापरतो. दगड हायड्रोफ्लोरिक आम्लात विरघळवताना मॅनिटॉल नावाची साखरेच्या नात्यातली एक पूड घालतो, नाहीतर आम्ल आटवताना बोरॉन वाफ होऊन निसटतं. चिमूटभर दगडासाठी एवढा सोवळ्याचा कारभार.

तर मी नेमकं काय करते ते एकदाचं लिहूनच टाकते. अप्पा ब्लॉग वाचत नाहीत, भाऊ त्यांना वाचून दाखवेल.

टोकियोच्या दक्षिणेला समुद्रात इझू बेटांची रांग आहे. तिथे पूर्वेकडून पॅसिफिक प्लेट (प्लेट म्हणजे पृथ्वीच्या कठीण कवचाचा प्रचंड तुकडा) येते आणि फिलिपाइन सी प्लेटच्या खाली शिरते. शिरणारा तो समुद्रतळ सुमारे १३ कोटी वर्षं पाण्याखाली मुरलेला आहे, अक्षरशः लोणच्यासारखा. भेगाभेगांतून समुद्राचं पाणी आत गेलंय आणि मूळच्या खनिजांची क्लोराइटसारखी, चिकणमातीसारखी पाणीदार खनिजं झाली आहेत. वर गाळाचा थर साचलाय. हे पाणी पिळून निघेल असं नाही, ते स्फटिकांच्या रचनेतच बसलेलं असतं.

काकडी चोचवून मीठ लावून ठेवली की तिला पाणी सुटतं. खाली जाणाऱ्या प्लेटचं तसंच, फक्त मिठाच्या जागी दाब आणि उष्णता. जसजशी ती खोल जाते तसतशी एकेक पाणीदार खनिजं मोडतात आणि पाणी सुटत जातं. ते हलकं असल्यामुळे वर, प्लेटवरच्या मँटलमध्ये, म्हणजे कवचाखालच्या जाड दगडी थरात, चढतं. मँटलचा तो दगड तसा एवढ्या उष्णतेला वितळणारा नव्हे, पण पाणी मिळालं की त्याचा वितळणबिंदू शेकडो अंशांनी खाली येतो. म्हणून जगभर जिथे अशी प्लेट शिरते तिथे सहसा वर ज्वालामुखींची रांग उभी राहते, आणि बहुतेक ठिकाणी त्या रांगेच्या बरोबर खाली प्लेट साधारण शंभरेक किलोमीटर खोल असते. आपल्या अंदमानातलं बॅरन बेट ह्याच घराण्यातलं. १८३२ नंतर दीडशेहून जास्त वर्षं झोपून ते १९९१ मध्ये जागं झालं, आणि २०१७ च्या जानेवारीत गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या लोकांनी जहाजावरून त्याची राख आणि रात्री लाल फवारे पाहिले. मी ते अजून पाहिलेलं नाही, आणि ह्याची मला लाज वाटते.

आता अडचण अशी की ज्या पाण्याने हे सगळं घडवलं ते पाणी लाव्हाच्या दगडात सापडत नाही. लाव्हा वर येताना दाब कमी होतो आणि पाणी सोड्याच्या बाटलीतल्या वायूसारखं फसफसून निघून जातं. स्फटिकांत अडकलेल्या काचेच्या थेंबांत थोडंफार उरतं, पण ते मोजणं हा वेगळाच संसार. म्हणजे मुख्य पाहुणा निघून गेलेला, आणि तो आला होता एवढं त्याच्यासोबत आलेल्या मंडळींवरून ओळखायचं. माझं काम ते.

पाण्यासोबत कोण येतं? बोरॉन, सिझियम, अँटिमनी, शिसं, बेरियम, युरेनियम. ही मंडळी पाण्यात सहज विरघळतात. कोण येत नाही? नायोबियम, टँटलम, झिर्कोनियम, टायटॅनियम. ही तिथेच बसून राहतात, पाण्यात विरघळायचं नाव घेत नाहीत. नायोबियम आणि टँटलम खाली रुटाइल नावाच्या खनिजात दडून बसतात असंही मानतात. मग एका चालणाऱ्याला एका न चालणाऱ्याने भागायचं, की पाण्याचा हात किती होता ते दिसायला लागतं.

माझ्या बाकावर प्रमाणित पुडीच्या दोन बाटल्या असतात. कुठलंही मोजमाप करण्याआधी ह्या दोघींना मशीनवर चढवायचं, त्यांचे आकडे ठरल्यासारखे आले तरच पुढे जायचं. सराफाकडे वजनं असतात तशा. पहिली बीएचव्हीओ-२: हवाईच्या किलाउआ ज्वालामुखीचा दगड, १९१९ साली हालेमाउमाउ विवरातून ओसंडलेल्या लाव्हाचा. हवाई प्लेटच्या मधोमध आहे, तिथे कुठलीच प्लेट खाली जात नाही. दुसरी जेबी-२: इझू ओशिमा बेटावरच्या मिहारा ज्वालामुखीचा दगड, १९५०-५१ च्या उद्रेकातला. दोन्ही काळे बेसाल्ट. दळल्यावर दोन्हींची करडी पूड, बोटांत धरून सांगता यायचं नाही कुठली कुठली.

आकडे बघा. हवाईच्या पुडीत बेरियम दहा लाखांत १३१ भाग, नायोबियम १८. भागाकार सात. ओशिमाच्या पुडीत बेरियम २२० च्या आसपास, आणि नायोबियम अर्धा भाग. अर्धा! भागाकार चारशेच्या वर. शिशाचं तसंच. सिरियम आणि शिसं ही जोडी मँटलमध्ये सहसा बरोबरीने चालते, आणि मध्यसागरी कण्यांवरच्या (समुद्रतळावरच्या ज्वालामुखी डोंगररांगांवरच्या) आणि हवाईसारख्या बेटांवरच्या बेसाल्टमध्ये त्यांचं प्रमाण पंचविसाच्या आसपास राहतं. हवाईच्या पुडीत ते तेवीस येतं. ओशिमात? सव्वा. शिसं कुठूनतरी भरभरून आलंय. अप्पा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर हे: दगडात शिसं मोजलं की खालून पाणी आलं होतं का ते कळतं.

भागाकारच का, नुसता आकडा का नाही, हे मला पहिल्या वर्षी नीट उमगलं नव्हतं. लाव्हा वर येताना वाटेत थंड होतो, त्यातून ऑलिव्हिनसारखे स्फटिक बाजूला पडतात. हे स्फटिक बेरियमही घेत नाहीत आणि नायोबियमही घेत नाहीत, म्हणून उरलेल्या रसात दोन्ही वाढत जातात. बासुंदी आटवली की सगळंच दाट होतं, पण साखर आणि सायीचं आपसातलं प्रमाण बदलत नाही. नुसतं बेरियम जास्त दिसलं तर ते पाण्याने आलं की आटल्यामुळे वाढलं हे सांगता येत नाही. भागाकार आटण्याला दाद देत नाही.

आणि इथेच मी माती खाल्ली.

दुसऱ्या वर्षी मला ड्रॉवरमधले तेवीस नमुने दळायचे होते. कुणीतरी पूर्वी रीतसर परवानगीने गोळा केलेले. अकीकाच्या खलात दळायला एकेकाला तास-दीड तास लागतो. शेजारच्या खोलीत टंगस्टन कार्बाइडची चक्की होती, तीत दोन मिनिटांत पीठ. मी दोन दिवसांत तेवीसच्या तेवीस उरकले आणि फार हुशार असल्यासारखी घरी गेले. पुढचे तीन आठवडे आम्लं, हॉटप्लेट, आटवणी, पुन्हा आम्लं. मशीनवर चढवले. बाटल्यांचे आकडे चोख. माझ्या नमुन्यांत टँटलम कुठे दुप्पट, कुठे चौपट, कसंही. नायोबियम आणि टँटलम ही जुळी भावंडं, त्यांचं प्रमाण अशा दगडांत चौदा-पंधराच्या घरात असायला हवं. माझं येत होतं चार, सात, पाच.

रात्री अकरा वाजता मी एकटी त्या पडद्यासमोर बसून नवा सिद्धांत रचत होते. खरंच. खाली रुटाइलचं काहीतरी निराळं घडतंय, ह्यावर शोधनिबंध होईल, वगैरे. सकाळी आमच्या सेन्सेईंनी, म्हणजे सरांनी, आकड्यांवर नजर टाकली आणि विचारलं, "कशात दळलं?" बस्स. टंगस्टन कार्बाइडमध्ये टंगस्टन तर असतंच, कोबाल्ट असतं, आणि टँटलमही असतं. चक्की घासली की ते पिठात उतरतं. ज्या दगडात मुळात टँटलम दहा लाखांत शतांश भागांनी मोजावं लागतं, तिथे चक्कीचा कणसुद्धा पुष्कळ. बेरियमला काही फरक पडला नव्हता, कारण ते शेकड्यात आहे. जे नसण्यावर माझा सगळा हिशोब उभा होता, तेच मी हाताने घातलं होतं.

हुपरीत कुणाच्या हातून दुसऱ्याच्या चांदीत जस्त पडलं तर त्याचं नाव गावभर होतं. इथे कुणी काही बोललं नाही, सेन्सेईंनी फक्त अकीकाचा खल माझ्या बाकावर आणून ठेवला. ते जास्त लागलं.

एक गोष्ट मात्र मला नंतर दिलासा देऊन गेली. जेबी-२ च्या जुन्या तक्त्यात नायोबियम १.५८ छापलेलं आहे. आताची मशीनं ते अर्ध्याच्या आसपास दाखवतात. म्हणजे नसलेली वस्तू मोजणं थोरामोठ्यांनाही जड गेलेलं आहे.

ओशिमाला मी मागच्या नोव्हेंबरात गेले. टोकियोच्या ताकेशिबा धक्क्यावरून रात्रीचं जहाज निघतं, पहाटे बेटावर उतरवतं. कॅमेलियाचं तेल, वाळवलेले मासे, आणि काळी वाळू. मिहाराच्या वाटेवर १९८६ चा लाव्हा अजून उघडाबोडका पडलाय, काटेरी, बूट फाडणारा. त्या वर्षी १५ नोव्हेंबरला विवरातून उद्रेक सुरू झाला, लोक बघायला यायला लागले, आणि २१ तारखेला जमिनीला भेगा पडून आगीच्या भिंती उभ्या राहिल्या. दहा हजारांच्या आसपास माणसं रातोरात जहाजांनी बेट सोडून गेली, परतायला महिना लागला. मी ज्या खानावळीत जेवले तिथल्या आजी त्या वेळी तरुण होत्या. त्यांना मी कसंबसं जपानीत सांगितलं की मी तुमच्या दगडातलं पाणी मोजते. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे पाण्याची टंचाईच असायची." पाऊस पडतो, पण जमीन सच्छिद्र, सगळं खाली जातं. मला हसू आलं, त्यांना नाही.

बेटाच्या नैऋत्येला रस्ता खोदताना डोंगर कापला गेला, तिथे राखेचे थरावर थर दिसतात, लाटांसारखे वळलेले. शंभराच्या आसपास उद्रेकांचे. मी त्यांच्यासमोर तासभर उभी होते. राष्ट्रीय उद्यान असल्यामुळे दगड उचलायची सोय नाही, हात लावला आणि आले. त्यातल्या प्रत्येक थरात सिरियम-शिशाचं ते सव्वा प्रमाण असणार, हे डोक्यात येत राहिलं.

आता थोडं खवचट बोलते. बेरियम जास्त, नायोबियम कमी दिसलं की "सबडक्शन!", म्हणजे इथे प्लेट खाली शिरली, असं ओरडणारे शोधनिबंध मी महिन्याला दोन वाचते. आपल्या सह्याद्रीचंच घ्या. दख्खनचे लाव्हा ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे, त्यांच्याखाली कुठलीही प्लेट शिरत नव्हती. तरी पोलादपूर किंवा बुशे गटातले थर मोजले तर नायोबियमचा खड्डा दिसतो. कारण तो लाव्हा वर येताना खंडाचा जुना कवच-दगड खाऊन आला, आणि खंडाच्या दगडात मुळातच नायोबियम कमी, शिसं जास्त. प्रतापगडाजवळच्या आंबेनळी घाटातले थर त्या मानाने बरेच स्वच्छ. म्हणजे पोलादपूरहून महाबळेश्वरला गाडी लावत चढताना एकाच घाटात तुम्हाला भेसळीचा आणि बिनभेसळीचा लाव्हा भेटतो. म्हणून मला ओशिमासारखी बेटं आवडतात. खाली जुनं खंड नाही, भेसळीची शक्यता कमी.

ओशिमातसुद्धा सगळं पाणीच नसतं. प्लेटवरचा गाळ स्वतः वितळूनही वर येऊ शकतो. त्यासाठी थोरियम बघायचं: ते निव्वळ पाण्यात फारसं चालत नाही, गाळाच्या वितळलेल्या रसात चालतं. बेरियमला थोरियमने भागून आकडा मोठा आला तर पाणी, आणि थोरियम नायोबियमच्या मानाने वाढलेलं दिसलं तर गाळ. मारियाना बेटांमध्ये एकाच रांगेतल्या शेजारशेजारच्या ज्वालामुखींत हे वेगवेगळं दिसतं. गुगुआनसारख्या ठिकाणी पाण्याचा हात चढा. कागदावर ही विभागणी सोपी आहे, प्रत्यक्षात माझे निम्मे बिंदू दोन्हींच्या मधे पडतात.

बोरॉनची आणखी एक गंमत आहे. त्याचे दोन समस्थानिक, म्हणजे वेगवेगळ्या वजनाचे अणू, दहा आणि अकरा. समुद्राच्या पाण्यात अकरावाला बराच जास्त, मोजमापाच्या भाषेत, एका ठरलेल्या नमुन्याच्या तुलनेत हजारी, अधिक ३९.६. मँटलमध्ये उणे सातच्या आसपास. जेबी-२ अधिक सात. जमिनीच्या पोटातून आलेल्या दगडात समुद्राची खूण. चर, म्हणजे जिथे प्लेट खाली वळते ती खोल दरी, तिच्यापासून जसजसं मागच्या ज्वालामुखींकडे जावं तसतसं बोरॉन कमी होत जातं. ते सगळ्यांत उतावळं, लवकर सुटतं. खोलवर पोचेपर्यंत प्लेटकडे द्यायला फारसं उरलेलं नसतं.

पण मला अजूनही सगळ्यांत जास्त चकित करतं ते बेरिलियम-१०. हे आकाशात तयार होतं. अवकाशातले किरण हवेतल्या नायट्रोजनवर, ऑक्सिजनवर आपटतात, त्यातून बनतं, पावसाबरोबर पडतं, समुद्रतळाच्या चिखलाला चिकटतं. त्याचं अर्धायुष्य सुमारे १४ लाख वर्षं. एक कोटी वर्षांत जवळजवळ संपतं, म्हणून जुन्या दगडात ते मिळायलाच नको. १९८२ मध्ये ते ताज्या लाव्हात सापडल्याचं छापून आलं. पुढे निकाराग्वाच्या ज्वालामुखींत भरपूर मिळालं. म्हणजे पावसाने पडलेला अणू चिखलात बसला, प्लेटबरोबर शंभर किलोमीटर खाली गेला आणि लाव्हातून परत वर आला, तेही काही दशलक्ष वर्षांत. टोंगाच्या लाव्हात रेडियम-२२६ जास्तीचं सापडतं. त्याचं अर्धायुष्य १६०० वर्षं, ते बेरियमसारखंच पाण्याबरोबर चालतं, त्यामुळे काहींच्या मते पाणी सुटल्यापासून उद्रेक होईपर्यंत काही हजार वर्षंच लागली. सगळ्यांना हे पटलेलं नाही. मला पटावंसं वाटतं, आणि म्हणूनच मी सावध असते.

हे सगळं त्या रविवारी अप्पांना निम्मं-अर्धं सांगितलं. ते ऐकत होते. मग विचारलं, "आवक किती, जावक किती? घट काढलीस?"

मी गप्पच झाले. कारण हाच प्रश्न १९९३ साली टेरी प्लँक आणि चार्ल्स लँगम्यूर या भूरसायनतज्ज्ञांनी विचारला होता. चरापाशी समुद्रतळ खणून बाहेर काढलेला गाळ घ्यायचा, त्यात बेरियम किती, थोरियम किती, वर्षाला किती खाली जातं त्याची वही मांडायची, आणि पलीकडच्या ज्वालामुखीतून काय बाहेर येतं त्याच्याशी ताडून बघायचं. जिथे बेरियमची आवक जास्त, तिथल्या लाव्हात बेरियम जास्त. इतकं साधं, आणि तोवर इतकं नीट कुणी करून दाखवलं नव्हतं. हुपरीत रोज संध्याकाळी होतं ते: सकाळी कारागिराला किती चांदी दिली, संध्याकाळी किती पैंजण आले, फरक किती.

"जुळतो हिशोब?"

"पूर्ण नाही जुळत, अप्पा. थोडं वाटेतच उथळावर सुटतं. थोडं वर येतं पण बाहेर न पडता कवचातच गोठतं. आणि बाकीचं प्लेटबरोबर आणखी खाली जातं."

"मग ती घट न्हवं. ती कुणाकडं तरी हाय."

मी हे वाक्य वहीत लिहून घेतलं. त्यांनी लगेच चांदीचा भाव सांगायला सुरुवात केली.

अकीकात पुन्हा दळलेल्या तेवीस नमुन्यांपैकी बावीस आता शिस्तीत आहेत, नायोबियम-टँटलम चौदा-पंधरा. तेविसावा अजून नऊवर अडलाय. खल दोनदा क्वार्ट्झ दळून साफ केला, नवी डबी घेतली, तरी नऊ. चक्कीचा दोष आता राहिलेला नाही, आणि नवा सिद्धांत रचायची खोड मी सोडलेली आहे. मंगळवारी मशीन मोकळं आहे, ड्रॉवरमधला मूळ दगड काढून त्याचा नवा तुकडा फोडणार आहे.